अण्णाजींचं आभारप्रदर्शन

नाचणगावात कोणताही कार्यक्रम असो, शेवटी आभार अण्णाजींनीच मानायचे. ते आमच्या शाळेत इंग्रजी शिकवत, मी मराठी. ते माईकसमोर उभे राहिले की लोक चपला शोधू लागत. मीही त्यांतलाच.

अण्णाजींची एकच इच्छा होती, एकदा तरी लोकांनी शेवटपर्यंत बसावं. एका जाड शब्दकोशात त्यांना 'थँक' या शब्दाचं मूळ सापडलं होतं आणि ते गावाला सांगायचं होतं. सहा वर्षं ते दर कार्यक्रमात सांगायला घेत आणि तेवढ्यात मंडप रिकामा होई.

एकोणऐंशी साली ते निवृत्त झाले. स्वतःच्या निरोप समारंभातही आभार त्यांनीच मानले, कारण दुसऱ्या कुणाला सवय नव्हती. मंडपवाले, माईकवाला चिंधू, पाणी भरणारे अशी एकेचाळीस नावं होईतो आम्ही सगळे मागच्या खोलीत चिवड्यापाशी पोचलो. मंडपात फक्त त्यांच्या पत्नी उरल्या, कारण सतरंजी त्यांच्या घरची होती. भोंगा मात्र चालू होता, त्यामुळे पुढचं सारं आम्ही खाता खाता ऐकलं.

"जर्मनीत 'डांक' म्हणतात, डेन्मार्कात 'टाक'. सारे एकाच मुळाचे. जुना अर्थ आभार नव्हे, विचार. माणूस मनात असणं. त्याचे आभार पुढे झाले."

"म्हंजे मनात ठेवनं?" माईकजवळूनच त्यांच्या पत्नींचा आवाज आला.

"हाव."

"मंग एवढ्या नावात माह्यं काऊन नाई?"

"घरच्या मानसाचे कोनी आभार मानते का?"

"चिंधूचं नाव घेतलं. चौतीस वर्सं तुमचा कोट मी इस्तरी करून राह्यली."

आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही, 'आयकलं का' एवढ्यावर संसार होतो. सगळ्यांच्या चिवड्याच्या मुठी तोंडापाशीच थांबल्या. मला लाज वाटली, कारण घरात मीही कधी नाव घेतलं नव्हतं.

"सौभाग्यवती अनुसयाबाई," भोंग्यातून आलं.

आम्ही मंडपात परतलो आणि मुकाट्यानं खाली बसलो. अण्णाजींसमोर पहिल्यांदाच भरलेला मंडप होता. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, यादीची घडी करून खिशात ठेवली आणि माईक बंद केला.

"उठा जी सारे," अनुसयाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "सतरंजी घडी कराची हाये."

दुसरं टोक अण्णाजींनी धरलं.