लवूचे टाळ

या, असे पुढे सरकून बसा. मागे पंख्याच्या घरघरीत शब्द हरवतात, आणि ही गोष्ट हळू बोलणाऱ्या एका बाईची आहे. लांबण लावत नाही, पण मन लावून ऐका.

अख्खा हॉल उभा राहिला तशी वनमालाही उभी राहिली, आणि तिच्या कापडी पिशवीतले टाळ किणकिणले. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून पाहिलं. तिने पिशवी पोटाशी घट्ट धरली. खाण कंपनीच्या शेअरहोल्डरांची वार्षिक सभा होती, आणि कंपनीचे एक जुने डायरेक्टर यंदा वारले होते. त्यांच्यासाठी दोन मिनिटं शांतता होती. ती संपली आणि सगळे खुर्च्या सरकवत खाली बसले.

"टाळ कित्याक आणलंस गो?" नवरा, काशीराम, तिच्या कानाशी पुटपुटला. "लोक बघतत."

"बघू देत."

पलीकडच्या खुर्चीवर शेजारचा चंद्रप्रकाश होता. शेअर ब्रोकरकडे कारकून असल्याने घाटकोपरच्या भटवाडीत त्याचा मोठा रुबाब. त्याने काशीरामच्या मांडीवर थाप मारली. "यंदा वीस टक्के डिव्हिडंड मागायचा, काका. आपण मालक आहोत ना! आणि चहाबरोबर सामोसा पण आहे, झकास."

काशीराम कसनुसं हसला. मालक म्हणवून घ्यायची त्याला सवय नव्हती. त्याच्या बंद पडलेल्या गिरणीने दिलेल्या हिशेबातून उरलेल्या पैशांतून बायकोने खाणीचे दहा शेअर घ्यायला लावले, तेव्हा त्याला वाटलं होतं, पोस्टापेक्षा दोन पैसे जास्त सुटतील. पण पहिला डिव्हिडंड आला तो तिने देवापुढे ठेवला, आणि उचलायचं नावच घेईना. मग तिने खरं काय ते सांगितलं.

लवू तिचा धाकटा भाऊ. घाटकोपरात कुठेही कीर्तन असो, हा टाळ घेऊन हजर. बुवांनी नुसती मान हलवली की याला लय कळायची. त्याचीही गिरणी बंद पडली तेव्हा कुणा ठेकेदाराबरोबर बिहारातल्या खाणीवर गेला, आणि छत कोसळलं त्यात तिथेच राहिला. खाणीतल्या जोडीदाराने त्याची पत्र्याची पेटी आणून दिली. आत दोन शर्ट आणि हे टाळ. वनमालाने कंपनीला पत्र घातलं. या नावाचा इसम आमच्या हजेरीवर नाही, असं उत्तर आलं. पुढच्या पत्रांना तेवढंही आलं नाही.

"काकी, कामगाराच्या बहिणीला कोण विचारतो?" चंद्रप्रकाश तेव्हा सहज बोलून गेला होता. "शेअरहोल्डर व्हा. मग वर्षातून एकदा चेअरमनला तोंडावर विचारता येतं."

तिला पैसा नको होता. लवू आमचा होता, एवढं कंपनीतल्या कुणीतरी तोंडाने म्हणावं, इतकंच हवं होतं.

स्टेजसमोर माइकपाशी एकेक जण येत होता. कुणी बोनस शेअर मागितला, कुणी चेअरमनसाहेबांवर कविता केली, कुणी गेल्या वर्षीच्या सामोशाचं गाऱ्हाणं मांडलं. वनमाला हात वर करी आणि कुणी दुसराच पुढे घुसे. पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर गेली. पाय सारखा हलत होता. तहान लागली होती, पण पाणी प्यायला उठलं आणि तेवढ्यात नंबर गेला तर?

"चल गो घरी," काशीराम म्हणाला. "आपला काम नाय ह्या."

ती उठली. पण दाराकडे नाही, सरळ माइककडे गेली.

"बोला बाई," चेअरमन म्हणाले. "डिव्हिडंडबद्दल?"

"नाही. माझा भाऊ. लवू सीताराम घाडी. तुमच्या खाणीत होता. तिथेच गेला."

सेक्रेटरी चेअरमनच्या कानाशी लागला. चेअरमननी चष्मा काढून हातात घेतला.

"ते ठेकेदाराचे कामगार, बाई. आमच्या रेकॉर्डला नसतात. वाईट झालं. पण हा विषय आजच्या सभेपुढे नाही."

"अहो मावशी, डिव्हिडंडचं बोला ना!" मागून कोणी ओरडलं. "चहा गार होतोय!"

हशा पिकला. चंद्रप्रकाश आपल्या बुटांकडे बघत राहिला.

वनमालाने घरून पाठ करून आणलेलं सगळं त्या हशात वाहून गेलं. मनात उरले ते बुवा. कीर्तनाला उभे राहिले की आधी हात जोडून गेलेल्यांची नावं घ्यायचे. हा कुणाच्या हजेरीवर, असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"साहेब, मघाशी तुमच्या साहेबांसाठी आम्ही उभे राहिलो. मी पण राहिले. मी त्यांना कधी बघितलं नव्हतं."

चेअरमननी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"तसंच माझ्या भावासाठी उभं राहा. उभं राहायला रेकॉर्ड कशाला लागतं?"

आता कुणी हसलं नाही. सेक्रेटरीने घड्याळ पाहिलं. "बाई, प्लीज, जागेवर बसून घ्या..."

मागे एक खुर्ची करकरली. तिने वळून पाहिलं नाही. गुडघे धरत उठणाऱ्या माणसाचा तो हुंकार ती रोज पहाटे ऐकत होती. काशीराम उभा राहिला होता. लगेच त्याच्या शेजारची खुर्ची वाजली. मग लांब कुठे, खिडकीपाशी, आणखी एक. मग आणखी काही.

वनमालाने पिशवीतून टाळ काढले. डोळे मिटले, आणि आवाज होऊ नये म्हणून दोन्ही टाळ दोन हातांत, दोरी पुरेल तितके दूर धरले.

स्टेजवर कोण उठलं आणि कोण बसून राहिलं, हे मला विचारू नका. तिने पाहिलं नाही, मग मी कुठून सांगू? तुम्ही मात्र आता घरी जायला उठाल, चपला शोधाल. तेव्हा उभे राहिलात की क्षणभर तसेच थांबा, आणि लवूची आठवण काढा.