कालिंदीबाईंचा आकाशदिवा

केयूरनं, म्हणजे माझ्या लेकानं, फोनच्या तारेला कंप्युटर जोडल्यापासून आमचा फोन सदा अडकलेला. म्हणून मी चिडूनच त्याच्या खोलीत गेले. कार्तिकी पौर्णिमा, दिवस कलायला आलेला, घाटावर दिवे चढवायला याच्या बाबांना मदत हवी, आणि हा बसलाय टकटक करत.

"आई, बघ तरी. जगभरातले लोक एकमेकांना जे लिहितात, ते हे धुंडाळून देतं. आत्ता लिहिलेलंसुद्धा. काहीही विचार."

"बालाजी घाट विचार," मी म्हटलं. त्याचं तोंड बंद करायलाच म्हटलं. काशीतल्या निम्म्या रिक्षावाल्यांना आमचा घाट सापडत नाही, तिथं त्या यंत्राला काय डोंबल सापडणार.

सापडला. कॅनडातल्या कुणा वासुदेवनं थोड्या वेळापूर्वीच इंग्रजीत लिहिलं होतं. केयूर मराठीत सांगत गेला. वासुदेवची आई कालिंदी बालाजी घाटावर वाढलेली. आता अंथरुणाला खिळलीय, डॉक्टरांनी हात टेकलेत. तिच्या वडलांच्या नावाचा आकाशदिवा कार्तिकात तिचे भाऊ लावायचे, तेही गेले. आज शेवटचा दिवस, कुणी लावेल का, एवढंच ती सारखं विचारते.

मी केयूरशेजारी पलंगावर बसले. कुठला कॅनडा, कुठली ती आजारी बाई, आणि तिचं पुटपुटणं माझ्या घरात येऊन पोचलेलं.

"लिही, आम्ही लावतो म्हणून. वडलांचं नाव-गोत्र विचार. त्याशिवाय तुझे बाबा दोरीला हात लावायचे नाहीत."

हे खाली घाटावरच होते. वेताच्या टोकरीत दिवा ठेवायचा, गेलेल्या माणसाचं नाव-गोत्र म्हणायचं, मग दोरीनं टोकरी बांबूच्या टोकाला चढवायची. आमच्याकडे असंच चालत आलंय.

उत्तर आलं. नाव नीलकंठ. गोत्र मला माहीत नाही, आईला विचारतो, पण तिला बोलायला फार वेळ लागतो.

सूर्य बुडाला. मी खिडकीतून यांना हाक मारली, "अहो, शेवटचा दिवा थांबवा जरा."

"कशासाठी?"

"कॅनडाहून गोत्र येतंय."

"तुलाही लेकाचं वारं लागलं वाटतं," हे म्हणाले. पण थांबले.

ती बाई बोलू शकली नाही तर? तेवढ्यात केयूर म्हणाला, "काश्यप."

मी वाकून सांगितलं. नीलकंठ, काश्यप गोत्र, यांनी सावकाश म्हटलं आणि टोकरी वर गेली.

"लिही, दिवा चढला."

बऱ्याच वेळानं वासुदेवचं उत्तर आलं. आईला सांगितलं. ती विचारते, वारा आहे का?

मी खिडकीशी गेले. गंगेवरून वारा होता, टोकरी हलत होती. "लिही, वारा आहे, पण दिवा टिकलाय."

मग आलं, आता ती बोलत नाही. डोळे मिटलेत, श्वास हळू चाललाय. तुम्ही जरा वेळ लिहीत राहाल का? मी तिला वाचून दाखवतो.

मी खिडकीशी स्टूल ओढलं. कुणाचा फोन यायचा असेल तो उद्या येईल. मी बघत राहिले, सांगत राहिले, केयूर लिहीत राहिला. जळतोय. अजून जळतोय.