माझ्याच नकाशाचा दुसरा

मित्रांनो, मी एक जुना अर्डुइनो बोर्ड आहे. रंगाने निळसर हिरवा, आकाराने खेळायच्या पत्त्यापेक्षा जरा लहान, आणि स्वभावाने, लपवत नाही, मत्सरी.

२०१२ साली विनिताने मला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले. ती पनवेलला इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती, घर खाडीकाठच्या गावात. मला ती साबणाच्या डबीत कापूस घालून ठेवी. माझ्या अंगावर एक काळी, पुष्कळ पायांची चिप असते. तोच माझा मेंदू. संगणकावर सूचना लिहून केबलने माझ्यात पाठवल्या, की केबल काढल्यावरही चिप त्या विसरत नाही. मग मला बटण दाबलेले कळते, अंधार झालेला कळतो, आणि सांगितले असेल तसा मी दिवा लावतो किंवा भोंगा वाजवतो.

पहिल्याच संध्याकाळी विनिताने माझ्याकडून एक इवलासा दिवा उघडझाप करवला. तिची आई जनी शेजारी कोलीम, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत बसली होती.

"दिवाच लावाचा व्हता, तं बटन काय वायट हाय गो?" ती म्हणाली.

"आये, बटण आपल्याला दाबावं लागतं. ह्याला शिकवलं की हा आपला आपण लावतो."

दोन वर्षे मी त्या घरातला एकुलता एक होतो. मग विनिताने गावच्या शाळेत रविवारचा वर्ग सुरू केला. मुले पंधरा आणि मी एकटा. माझ्यासाठी त्यांची ढकलाढकली चाले, आणि मला ती फार आवडे.

एका रविवारी तिने पिशवीतून पाच नवे बोर्ड काढले. मी पाहतच राहिलो. तीच भोके, तेच पाय, तीच चिप! फक्त रंग गडद निळा आणि अंगावर कुणा कंपनीचे नाव नाही.

"ताई, हे नकली आहेत का?" वर्गातल्या प्रणितने विचारले.

"नाही रे. ह्या बोर्डाचा नकाशा, म्हणजे कुठला भाग कुठे जोडायचा ते, बनवणाऱ्यांनीच सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. कुणीही वाचावा, त्यावरून बोर्ड बनवावा, हवा तर बदलावा. म्हणून तर तुम्हाला दर तिघांत एक मिळतोय."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र वाटले, माझी जन्मपत्रिका कुणीतरी चव्हाट्यावर मांडली आहे.

खरा घाव पुढे बसला. जनीचे जिताडा माशांचे तळे होते. खाडीच्या बांधात पाणी आत-बाहेर सोडायला लाकडी झडप होती, तिला उघाडी म्हणत. भरतीला ती नीट लागली नाही, तर तळे भरून वाहू लागे आणि वर्षभर वाढवलेले मासे निघून जात. विनिताने काठावर दोन तारा लावल्या. पाणी चढून दोन्ही तारांना टेकले की भोंगा वाजायचा. ह्या कामासाठी तिने निवडला त्या पाचांतला एक!

"हा माझा पहिला बोर्ड," माझ्याकडे बघून ती म्हणाली, "ह्याला खाऱ्या वाऱ्यात नको."

मी कपाटात गेलो. जनी रोज तळ्यावरून आली, की त्याचेच कौतुक सांगे. मी मनात म्हणे, गंजू दे त्याला.

आणि तो गंजला. २०१५च्या पावसाळ्यात, अमावास्येच्या सकाळी, जनी त्याला घेऊन धावत घरी आली. "बाय, ह्यो बोलतच नाय! दुपारी उधान हाय."

मला आनंद झाला. खोटे कशाला सांगू? विनिताने मला बाहेर काढले, केबल जोडली. पण वर्गातल्या मुलांनी केबल ओढून ओढून माझी खाच सैल केली होती. संगणक मला ओळखेना. नवी सूचना माझ्यात जाईना.

मग बारीक पेचकसाने विनिताने माझी चिप अलगद उचकटली आणि त्याची चिप माझ्या अंगात बसवली. त्याची वीज घेण्याची जागा सडली होती, पण चिप शाबूत होती. तळ्याची सूचना तिच्यात तशीच होती.

मला तळ्यावर नेऊन तारा आणि भोंगा जोडला, आणि साडेबाराला पाणी चढले. उघाडीत एक फांदी अडकली होती, ती बंद होत नव्हती. पाणी तारांना टेकले आणि माझ्या अंगातून भोंगा कडाडला. जनी कमरेएवढ्या पाण्यात उतरली, विनिताने वरून दोर ओढला, फांदी निघाली, झडप धाडकन बसली. एकही जिताडा गेला नाही.

तो आवाज माझा होता, आणि आठवण त्याची. त्या दुपारी प्रथमच मला त्याचा राग आला नाही.

पुढच्या आठवड्यात विनिताने त्याचा गंज ब्रशने पुसला, सडलेला भाग बदलला, माझी चिप त्याच्यात घालून तिच्यात तळ्याची सूचना भरली, आणि मला नवी खाच बसवली. आता तो तळ्यावर असतो, झाकणाच्या डब्यात. मी वर्गात असतो.

मित्रांनो, आम्हाला ओल लागू देऊ नका. केबल काढताना तारेला नव्हे, टोकाला धरा. आणि नवा आला म्हणून जुन्याला कपाटात कोंडू नका. तिथे करायला दुसरे काहीच नसते, म्हणून आम्ही हेवा करत बसतो.