गरज अत्यल्प

आमच्या विभागात पीएचडीच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र येत नाही, हे शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही ते शिकवायची गरज आहे का, हे ठरवायला सर्वेक्षण करायचं ठरलं. लोक तहान लागल्यावर विहीर खणतात; आमच्याकडे आधी तहानेची समिती नेमतात.

माझ्या घशाला तर कोरड पडली होती. परीक्षकांनी माझा प्रबंध परत पाठवला होता: 'विश्लेषण चुकीचे, पुन्हा करावे.' रुग्णालयातल्या परिचारिकांच्या झोपेवर चार वर्षं घालवली होती, माझी स्वतःची झोप उडवून. सत्र संपायच्या आत दुरुस्ती दिली नाही तर नोंदणी रद्द. माहितीला कुठली चाचणी लावायची हेच मला कळत नव्हतं. मार्गदर्शक मॅडमना विचारलं, की त्या म्हणायच्या, "अगं, ते सॉफ्टवेअर करतं." करत होतं खरं, काय करत होतं, ते देव जाणे. आता सगळी भिस्त संख्याशास्त्राच्या कार्यशाळेवर होती, आणि कार्यशाळा या सर्वेक्षणावर अडली होती.

प्रश्नावली मॅडमनीच बनवली होती. प्रत्येक कौशल्यापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे 'अत्यंत गरज', पाच म्हणजे 'अजिबात गरज नाही'. नाव लिहायचं नव्हतं, त्यामुळे सगळे खरं बोलले. जो तो एकला गोल करत सुटला.

निकालाच्या बैठकीला आम्हा विद्यार्थ्यांनाही भिंतीकडेला बसवलं होतं. मॅडमनी पडद्यावर सरासरी दाखवली: एक पूर्णांक दोन.

"पाचपैकी जेमतेम सव्वा," त्या समाधानाने म्हणाल्या. "म्हणजे गरज अत्यल्प. कार्यशाळा रद्द करायला हरकत नाही."

समितीने माना डोलावल्या. विभागप्रमुखांनी तर आमचं अभिनंदन केलं.

"मॅडम, एक म्हणजे अत्यंत गरज," मी म्हटलं.

"हे तुमचं मत झालं," विभागप्रमुख म्हणाले. "आपण लोकशाही मानतो. मतदान घेऊ."

आणि खरोखर मतदान झालं. सगळे डॉक्टरेटवाले. गरज अत्यल्प असल्याचं चार विरुद्ध शून्य मतांनी सिद्ध झालं. फक्त मॅडमनी मत दिलं नाही. त्या स्वतःचीच प्रश्नावली पुन्हा पुन्हा वाचत बसल्या होत्या.

संध्याकाळी त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि दार लावलं. मला वाटलं, आता आपली गच्छंती.

"माझ्या प्रबंधाची आकडेमोड आमच्या भाऊजींनी केली होती," त्या म्हणाल्या. "माझ्या दिरांनी गं. मी जेवायला वाढायचे, ते कोष्टकं काढायचे."

"आणि नंतरचे शोधनिबंध?"

"तेही त्यांनीच. आता निवृत्त झालेत. माझा फोन उचलत नाहीत."

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! मला हसू आलं आणि मागोमाग सणकून रागही आला. मी ज्यांच्या भरवशावर चार वर्षं काढली, त्या स्वतःच दिरांच्या भरवशावर होत्या.

"आधी सांगितलं असतं, तर मी दुसऱ्या कुणाकडे तरी शिकले असते ना, मॅडम!"

"लाज वाटायची गं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्वेक्षणाचा अर्थ आपणच उलटा लावल्याचं समितीला लेखी कळवलं. कार्यशाळा झाली. विभागप्रमुखांनी उद्घाटन करून आपण पहिल्यापासून आग्रही असल्याचं सांगितलं आणि चहा घेऊन निघून गेले.

पहिल्याच तासाला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "सरासरी आणि मध्यक यांत फरक काय, हे कुणाला माहीत नाही? संकोच करू नका."

खोली गच्च भरली होती. सगळे असे बसले, जणू मध्यकाच्या मांडीवर वाढलेत. मीही तशीच बसले. परीक्षकांचा शेरा पिशवीत, नोंदणी टांगणीला, आणि तरी चारचौघांत माझी जीभ टाळ्याला चिकटली. मॅडमवर चिडलेली शहाणी ती मीच.

"बरं, सगळ्यांना येतंय तर पुढे जाऊ," सर म्हणाले.

"थांबा," शेवटच्या बाकावरून आवाज आला. मॅडम होत्या. "मला माहीत नाही."

सर कसनुसं हसले. "मॅडम, तुम्ही थट्टा करताय."

"नाही हो. पहिल्यापासून सांगा."

कुणी वळून बघायची हिंमत केली नाही. माझे कान तापले होते.

"मलाही," मी म्हटलं.