पंचफुलाबाईचं नाक

"बंद कर मशीन! अबे कुलदीप, पहिले बटन दाब!"

माल निवडणाऱ्या बायकांतली प्रेमलता ओरडली तेव्हा पंचफुलाबाई ढिगापाशी बसून बाटल्यांची बुचं वेगळी करत होती. दाणे काढायचं मशीन गुरगुरलं, थडथडलं आणि माल गाळायच्या जाळीपाशी फट्‌ असा आवाज होऊन तापलेलं प्लास्टिक भिंतीवर उडालं. मशीनवरचा कुलदीप, दोन लेकरांचा बाप, वीतभर अंतरानं वाचला.

सौंसरच्या या कारखान्यात जुनं प्लास्टिक वितळवून त्याचे दाणे करतात. माल निवडायचं काम बावीस वर्षं लोधीखेड्याच्या पंचफुलाबाईकडे. नखानं ओरखडायचं, पाण्यात टाकून पाहायचं, काडीनं पेटवून वास घ्यायचा, की झालं! तिनं पास केलेलं पोतं मालक अतुलसेठ पुन्हा उघडत नसे. "आमच्या बाईचं नाक म्हणजे लॅबोरेटरी," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. हीही काही कमी नव्हती. "मंग नाकाले पगार वेगळा द्या ना, सेठ," म्हणायची.

सेठ धावत आला. जाळी उघडली तर आत पांढऱ्या कण्या अडकलेल्या, अर्धवट शिजलेल्या डाळीसारख्या.

"हिटर कमी ठेवला तू! मागच्या महिन्यातही हेच केलं. बस झालं कुलदीप, उद्यापासून येऊ नको."

"नाही सेठ, लेकरायची शप्पथ! आकडा पाहा ना, बरोबर आहे!"

पंचफुलाबाईनं एक कणी उचलली आणि लगेच ओळखली. सकाळी तिनंच पास केलेल्या पोत्यातला माल होता तो, केबलच्या तारेवरचं पांढरं आवरण. तिनं पोत्यातला एक तुकडा चिमट्यात धरून तापलेल्या हिटरवर टेकवला. तुकडा मऊ पडला, काचेसारखा आरपार दिसायला लागला, पण वाहिला म्हणून नाही. बाजूला घेतला तर निवत निवत पुन्हा पांढरा, पुन्हा तसाच!

"अवं माय! हे वितळूनच नाही राहिलं!"

सेठनं हा माल देणाऱ्या नागपूरच्या भंगारवाल्याला फोन लावला. तो हसतच बोलला, "सेठ, विजेच्या मोठ्या लायनीच्या केबलचं आहे ते. गरमीनं वितळून तार उघडी पडू नये म्हणून केमिकल टाकून आतले धागे एकमेकात बांधून टाकतात. साधं प्लास्टिक म्हणजे सुटी सुतळी, ओढली की निघते. हे विणलेली बाज हाय. जाळलं तर जळन, पण वितळायचं नाव नाही घेणार. मले वाटलं, तुमच्या बाईले समजन."

बावीस वर्षांत असं प्लास्टिक तिनं पाहिलं नव्हतं. की पाहिलं होतं आणि कळलं नव्हतं? आजवर हातून गेलेली पोती ती एकेक आठवू लागली.

"बाई, तुम्ही जाळून पाहिलं होतं ना?" सेठनं विचारलं. तिनं नुसतं 'हो' म्हटलं असतं तर खोटं नव्हतं. खापर भंगारवाल्यावर फुटलं असतं आणि नावही राहिलं असतं.

"जाळलं, सेठ. मेणबत्तीचा वास आला, म्हटलं साधंच आहे, अन् फुंकून विझवलं. वितळून टिपूस गळते का, ते थांबून नाही पाह्यलं. नवीन बायकाले मीच सांगतो थांबा म्हणून, अन् मीच नाही थांबली. कुलदीपची काही गलती नाही. माह्यापायी त्याचं तोंड जळलं असतं आज!" बोलता बोलता तिला रडू कोसळलं.

कुलदीप कपाळावर हात ठेवून मटकन खाली बसला. सेठ म्हणाला, "कुलदीप, मशीन साफ कर. बाई, तुम्ही जेवून घ्या."

ती जेवली नाही. दुपारी प्रेमलता एक झाकण घेऊन तिच्यापाशी आली. "मावशी, हे कोणत्या ढिगात टाकू?"

दुधाच्या कॅनचं झाकण होतं. प्रेमलतालाही ते ओळखता येत होतं, मावशीनं काहीतरी बोलावं म्हणून विचारलं इतकंच. पंचफुलाबाईनं ते नखानं ओरखडलं, उलटंसुलटं केलं, नाकाशी नेलं. मग परत प्रेमलताच्या हातात दिलं.

"मले नाही समजत, बाई. तू पेटवून पाह्य. अन् टिपूस पडेपर्यंत थांब."