नऊ नावं, एकच आकडा

थोरल्या सिस्टरांचं नशीब म्हणजे अख्ख्या दवाखान्याच्या चेष्टेचा विषय झाला होता. रविवारची ड्युटी कुणाची, हे दर शुक्रवारी कॉम्प्युटर चिठ्ठी काढून ठरवायचा. भांडणं नकोत म्हणून अदलाबदलीलाही बंदी. आणि लागोपाठ सात शुक्रवार त्याने थोरल्या सिस्टरांनाच पकडलं होतं. मेलं यंत्र प्रेमात पडलंय तुमच्या, असं बाकीच्या आठजणी म्हणायच्या. सिस्टरही हसायच्या. पण त्यांची लेक वसतिगृहातून घरी यायची ती फक्त रविवारी, आणि सात रविवार ती कुलूप उघडून, झाकलेलं ताट एकटीच जेवून परत गेली होती.

चिठ्ठीची ही क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरला दिलेली आज्ञा, लिहिली होती ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या ताईने. यंत्राला ना नातं ना गोतं, असं ती छातीठोकपणे सांगत फिरायची. आठव्या शुक्रवारी सिस्टर तिच्या टेबलाशी आल्या. तक्रार नव्हे हं, असं तीनदा बजावून त्यांनी विचारलं, की माझं नाव चुकून दोनदा तर नाही ना पडलं?

ताईने यादी तपासली. नाव एकदाच होतं. मग तिने आजवर कधीच न केलेली गोष्ट केली, नावांपुढचे आकडेही पडद्यावर मागवले. यंत्र प्रत्येकीच्या नावापुढे एक आकडा टाकायचं, आणि जिचा आकडा सर्वांत लहान, तिची ड्युटी, असा सरळ मामला होता. आणि बघते तर काय, नऊच्या नऊ नावांपुढे एकच आकडा! यंत्राने फासा एकदाच टाकला होता आणि तोच सगळ्यांच्या पदरात घातला होता. सगळ्या बरोबरीत, म्हणून यादीत पहिली तीच पहिली. आणि यादी होती नोकरीला लागल्याच्या क्रमाने, थोरल्या सिस्टर सगळ्यांत वर.

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. "चूक माझी आहे, सिस्टर. तुमच्या नशिबाची नाही."

सिस्टर मटकन खुर्चीत बसल्या. म्हणजे फुटकं नाही माझं नशीब, असं पुटपुटत हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

ताईने क्वेरी दुरुस्त केली. आता प्रत्येक नावासाठी वेगळा फासा. सगळ्यांना बोलावून तिने बटण दाबलं. नऊ वेगवेगळे आकडे आले, आणि सर्वांत लहान आकडा पुन्हा थोरल्या सिस्टरांचाच.

ताई घाईघाईने परत बटण दाबणार, तेवढ्यात सिस्टरांनी तिचा हात धरला.

"राहू दे, पोरी. परत फिरवलंस तर ती चिठ्ठी कसली? आज पहिल्यांदा माझा नंबर खरा लागलाय."

मग तिथूनच त्यांनी लेकीला फोन लावला.

"हाही रविवार गेला गं," त्या मजेत म्हणाल्या. "पण पुढच्याचं मात्र काही सांगता येत नाही."