तीन ठोक्यांचा वेशपालट

स्फाक्स शहरातल्या एका जुन्या इंटरनेट कॅफेत दुर्रा बदाम तरंगणारा चहा पीत बसली होती. ती खेळायची त्या ऑनलाइन युद्धखेळात कंपनीने केलेल्या बदलांची यादी समोरच्या पडद्यावर उलगडत होती.

"वेशपालट : एकदा वेश बदलल्यावर पुन्हा बदलण्यासाठी दोन मिनिटं थांबावं लागेल."

दोन मिनिटं! तेवढ्यात तर लढाईत राज्यं बुडतात. दुर्राचं सगळं नाव या एका विद्येवर उभं होतं. ढालकरी होऊन घाव झेलायचे, क्षणात वैद्य होऊन आपल्याच जखमा भरायच्या, की पुन्हा ढाल. उद्या अंतिम सामना होता, आणि किल्ल्याचा दरवाजा एकटीने राखीन असं तिने सात सोबत्यांना वचन दिलं होतं.

मग तिने खालचं कारण वाचलं. "काही खेळाडू घाव बसून कोसळताना, पाठ जमिनीला टेकायच्या आत, बरोबर तिसऱ्या ठोक्याला वेश बदलतात. त्यामुळे तो घाव कुठल्याच वेशाला लागत नाही. यापुढे कोसळताना वेश बदलताच येणार नाही."

तिने चहाचा पेला खाली ठेवला. ही खुबी जगात दोघांनाच ठाऊक होती. एक ती. दुसरा वजदी, शेजारच्या खुर्चीत बसून मासळी भरलेला तळलेला पाव खाणारा. लहानपणापासूनचा शेजारी, खेळात सहा वर्षं तिचा वैद्य. गेल्या उन्हाळ्यात तिनेच त्याला शिकवली होती, याच टेबलावर बोटांनी ठेका धरून : एक, दोन, पालट.

"भावा, हे कंपनीला तू कळवलंस?"

"काय?"

"तोंडातलं गिळ आधी. मग खोटं बोल."

वजदीने पाव खाली ठेवला. "खेळातले दोष शोधणारा परीक्षक म्हणून निवडलंय त्यांनी मला. काहीतरी दोष दाखवावाच लागतो."

"शेकडो दोष आहेत खेळात. तुला माझाच सापडला?"

त्याने पावाच्या कागदावरचं तेल बोटाने पुसलं.

"तू पडायचीस, मी उठवायचो. मग तुला ही विद्या मिळाली. वर्षभरात एकदा तरी मला हाक मारलीस? मी नुसता मागे उभा. लग्नात चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखा."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं, तर सोडली असतीस?"

नसती सोडली. ते तिला कळलं, पण तेवढ्याने राग उतरला नाही, उलट आणखी चढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच खुर्च्या, तोच कॅफे. संघाचा म्होरक्या शाकिर कानातल्या यंत्रातून गरजला, "रुसवेफुगवे घरी ठेवून या! दुर्रा नुसती ढालकरी. वजदी तिच्या मागे. पूर्वीसारखं."

"पूर्वीसारखं," वजदी म्हणाला. त्याच्या आवाजातला आनंद लपत नव्हता.

दुर्राने दरवाजा राखला. भाले आले, आग आली, तिची ढाल हलली नाही. मग एक राक्षसी घण बसला आणि ती कोसळू लागली. बोटांनी आपोआप ठेका धरला : एक, दोन... तिसऱ्या ठोक्याला कळ दाबली. कळ मुकी होती. पाठ जमिनीला टेकली.

पडद्यावर प्रश्न उमटला : "वजदी तुम्हाला उठवतो आहे. उठायचं का?"

"दुर्रा, ऊठ!" शाकिर ओरडला. "अगं, झोपलीस काय, बाई?"

वजदी तिच्याकडे झुकला. हलक्या आवाजात, पहिल्या वर्षी म्हणायचा तसंच म्हणाला, "ऊठ ना. मी आहे."

तिने "नाही" दाबलं.

दरवाजा फुटला. शत्रूची रांग तिच्या अंगावरून आत शिरली. बाकीचे सोबती मागे पळाले. वजदीचा वैद्य मात्र तिथेच, ओंजळीत उजेड धरून तिच्या देहाशी उभा. प्रश्न पुन्हा उमटला.

"दुर्रा, माझ्यासाठी नको उठूस. त्या सहा जणांसाठी ऊठ."

तिने दोन्ही हात कळफलकावरून उचलले आणि मांडीवर ठेवले.